'ठिबक' रुळलं, 'भ्रमणध्वनी' का रुळला नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं देतोय ते कळेल. तुम्ही एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी मोबाईल ॲप मराठीत करताय. 'ओटीपी'ला 'एकवार संकेतांक', 'लॉगिन'ला 'सत्रप्रवेश', 'अपलोड'ला 'ऊर्ध्वभारण' असे शब्द तुम्ही मेहनतीने बसवलेत. सभासदांना दाखवलं तर कुणाला काही उमगेना. वडील म्हणतात, सावरकरांनी एकट्याने एवढे शब्द रुजवले, तुम्हाला चार रुजवता येऊ नयेत? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की मुद्दाम घडवलेला शब्द रुजत नाही, पण जुन्या शब्दांचे अर्थ मात्र कुणाला न विचारता बदलतात, हे कसं काय?

मी बरीच वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर होतो, नंतर कोशाच्या नोंदी तपासल्या, आणि आता तुमच्यासारखंच पडद्यावरच्या मजकुराचं मराठीकरण करतो. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. रोज शब्द निवडायचे आणि ते वाचकाला कळले की नाही हे दुसऱ्या दिवशी पाहायचं, यातून जे हाती लागलं तेवढंच सांगतो.

तुम्ही शब्दांची पारख 'अर्थ बरोबर बसतो का' अशी केलीत. मी त्याआधी एक विचारतो: हा शब्द कोण, कुणाला, कुठल्या कामाच्या वेळी म्हणणार आहे? या प्रश्नाला उत्तर नसेल तर शब्द कितीही नेमका असो, जिथे छापला तिथेच राहतो. आता वडिलांच्या मुद्द्याकडे येऊ, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि उरलेल्या अर्ध्यात तुमचं उत्तर आहे.

सावरकरांच्या नावावर जी यादी सांगितली जाते तीत महापौर, महापालिका, दिग्दर्शक, चित्रपट, मध्यंतर, दिनांक, क्रमांक, मुख्याध्यापक, अर्थसंकल्प, विधिमंडळ, हुतात्मा असे शब्द आहेत. आज ते घडवलेले आहेत असं वाटतही नाही. पण त्याच यादीत 'झरणी' आहे, म्हणजे फाउंटन पेन. 'त्वर्य' आहे, म्हणजे अर्जंट. 'प्रतिवृत्त' आहे, म्हणजे रिपोर्ट. हे तीन तुम्ही शेवटचे कधी ऐकलेत? 'निर्बंध'ची कथा तर आणखी गमतीची. सावरकर तो 'कायदा' या अर्थी वापरत. शब्द टिकला, पण कायद्याची जागा त्याला मिळाली नाही. लोकांनी तो 'बंधन' या अर्थी घेतला, आणि कोविडच्या काळात 'निर्बंध शिथिल' हा मथळा इतका छापला गेला की आता त्याला दुसरा अर्थ देणं अवघड.

एकाच माणसाच्या, एकाच पद्धतीच्या शब्दांत असा फरक का पडावा? 'झरणी' काही 'महापौर'पेक्षा अवघड नाही. उलट सोपा आहे, गोडही आहे. फरक जागेचा आहे. शहराला महापौर एकच असतो, त्याच्या दालनावर पाटी असते, निवड झाली की प्रत्येक वृत्तपत्राला तो शब्द छापावाच लागतो. दिग्दर्शकाचं नाव पडद्यावर येतं. दिनांक आणि क्रमांक छापील अर्जावर बसले, आणि अर्ज भरल्याशिवाय आपल्याकडे कुणाची सुटका नाही. हुतात्मा हा शब्द संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर मुंबईतल्या एका चौकाच्या नावात गेला. रोज हजारो लोक ते नाव घेऊन बसमधून उतरतात. झरणीला अशी जागाच नव्हती. पेन दुकानात मिळायचं, दुकानदार 'पेन' म्हणायचा, गिऱ्हाईकही 'पेन'च मागायचं. त्या दोघांच्या मध्ये झरणी शिरणार कुठून?

आणि जे रुळले तेसुद्धा कुठवर, हे नीट पाहा. कोर्टाची तारीख पडते, दिनांक पडत नाही. बक्षीस समारंभात पहिला क्रमांक येतो, रेशनच्या रांगेत मात्र नंबर लागतो. शाळेच्या पाटीवर मुख्याध्यापक असतात, पोरांच्या तोंडी हेडसर. एसटीत 'वाहक' लिहिलेलं असतं आणि आपण सुटे पैसे कंडक्टरकडे मागतो. फोटोकॉपीच्या बाबतीत तर एकच माणूस दोन्ही शब्द वापरतो: फॉर्मवर 'छायांकित प्रत जोडावी' असतं आणि खिडकीतला कारकून म्हणतो, "दोन झेरॉक्स आणा." याला मी अपयश मानत नाही. कागदाची मराठी आणि तोंडाची मराठी यांचं अंतर सगळ्याच काळात होतं. पण तुमचं ॲप कुठल्या बाजूला आहे, हे तुम्ही ठरवलेलं दिसत नाही. ते दिसतं कागदासारखं, पण चालतं खिडकीतल्या कारकुनासारखं. तिथे माणूस थांबलेला असतो, घाईत असतो, आणि त्याला पुढची पायरी हवी असते.

वडिलांना आणखी एक जुनं उदाहरण द्या, त्यांना आवडेल. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या आगेमागे, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले. रघुनाथपंतांकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, सरनौबताचा सेनापती. यामागे छत्रपतींची आज्ञा होती, आणि याहून मोठा आधार कुठल्या शब्दाला मिळणार? तरी पुढची शंभरहून अधिक वर्षं लोक 'पेशवे'च म्हणत राहिले. आजही शनिवारवाडा पेशव्यांचाच आहे. मग विसाव्या शतकात दिल्लीत प्राइम मिनिस्टर आला आणि मराठीने त्याला 'पंतप्रधान' म्हटलं. हिंदीने 'प्रधानमंत्री' केलं, आपण कोशातलं जुनं नाव पुन्हा बाहेर काढलं. सचिव आणि मंत्रीही परतले, पण वेगळी कामं घेऊन. अष्टप्रधानांतला मंत्री म्हणजे वाकनीस, दरबाराच्या नोंदी ठेवणारा. आजचा मंत्री नोंदी ठेवत नाही, फायलीवर सही करतो. सांगायचं एवढंच की दोन-तीन वर्षांत शब्द रुळला नाही म्हणून तो मेला असं समजू नये. रिकामी जागा निर्माण झाली तर तो अडीचशे वर्षांनीही उठून बसतो. पण तुमच्या कंपनीकडे अडीचशे वर्षं नाहीत.

आता तुमच्याच शेताकडे वळू, कारण सगळ्यात चांगली उदाहरणं तिथेच आहेत आणि तुम्ही ती बघितलेली दिसत नाहीत.

'ठिबक' घ्या. ठिबकणे या साध्या क्रियापदावरून 'ठिबक सिंचन' झालं, आणि शेतकऱ्याने त्यातलं 'सिंचन' लगेच टाकून दिलं. "यंदा ठिबक केलं", "ऊस ठिबकवर आहे", "ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या" ही वाक्यं कुणी शिकवलेली नाहीत. त्याच्याच जोडीने आलेलं 'तुषार सिंचन' अनुदानाच्या अर्जावर नीट चालतं, पण बांधावर मला 'स्प्रिंकलर' जास्त ऐकू येतो. तुषार हा शब्द सुंदर आहे, कवितेतही शोभतो, पण तो म्हणताच शेतकऱ्याच्या डोळ्यासमोर काही हलत नाही. ठिबक म्हणताच थेंब दिसतो.

'हमीभाव' तसाच. कागदावरचं नाव 'किमान आधारभूत किंमत', आणि ते बरोबरही आहे. पण मोर्चात घोषणा द्यायला, बाजार समितीत हुज्जत घालायला चार अक्षरी शब्द हवा होता. हमी कळते, भाव कळतो, दोन्ही जोडले की झालं. 'शेततळं'ही त्याच पद्धतीचं: दोन ओळखीच्या शब्दांची जोड, आणि खड्डा समोर दिसतोय.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढील की संस्कृत शब्द शेतकऱ्याला चालत नाही. अजिबात खरं नाही. धरणाच्या लाभक्षेत्रात जाऊन बघा. "आवर्तन कधी सुटणार?" हा प्रश्न नगर-नाशिककडच्या चहाच्या टपरीवर रोज विचारला जातो. आवर्तन, म्हणजे धरणातून कालव्याला पाळीने सोडलेलं पाणी, हा तद्दन संस्कृत शब्द, पाटबंधारे खात्याच्या फायलीतून आलेला. पण ज्या दिवशी आवर्तन सुटतं त्या दिवशी पाणी येतं, आणि ज्या शब्दावर पीक उभं राहतं तो शब्द माणूस पाठ करतोच. मराठी माध्यमातल्या पोरांना 'लसावि' आणि 'मसावि' असेच येतात. लघुत्तम साधारण विभाज्य हे पूर्ण नाव मोठेपणी कुणाला आठवत नाही, पण लसावि काढता येतो. म्हणजे अवघडपणा आड येत नाही. गरज नसली की मात्र सोपा शब्दही उपरा वाटतो.

आणि मग तो शब्द, जो कुणीच घडवला नाही: सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, एकात जमिनीचा हक्क आणि दुसऱ्यात पिकाची नोंद. दोन फॉर्मचे नुसते आकडे. कुठल्या समितीने बसून हे नाव ठेवलं असतं तर त्यावर टीका झाली असती. आज त्याला विभक्ती लागते: सातबाऱ्यावर नाव चढतं, सातबाऱ्यावरून कमी होतं, भाऊ सातबाऱ्यासाठी भांडतात. 'सातबारा कोरा करा' ही तर कर्जमाफीची घोषणाच झाली. वारा-वाऱ्यावर, तसं सातबारा-सातबाऱ्यावर. दोन आकड्यांचं सामान्यरूप होतंय, यात किती मोठी गोष्ट आहे ते बघा.

कोशाच्या कामात मी हीच खूण आधी शोधायचो. उसना किंवा नवा शब्द मराठीत मुरला की प्रत्ययाआधी त्याचं रूप बदलू लागतं. टेबल-टेबलावर, तिकीट-तिकिटाला, फाईल-फायलीत. लॅपटॉप अजून बाहेरच उभा आहे. लॅपटॉपावर कुणी म्हणत नाही, लॅपटॉपवरच म्हणतात. ही कसोटी सगळीकडे लागत नाही. 'नदी'सारख्या ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दात एकवचनात तसाही बदल दिसत नाही, आणि हल्ली तरुण मंडळी जुन्या शब्दांचंही सामान्यरूप टाळतात. पण जिथे लागते तिथे ती सहसा फसवत नाही. दुसरी खूण लिंगाची. तिसरी, थोडी अनौपचारिक: त्या शब्दात शिवी देता येते का, विनोद करता येतो का? 'चारसोबीस' बघा. दंडसंहितेचं कलम ४२०. ती संहिताच १ जुलै २०२४ पासून गेली, नव्या न्यायसंहितेत फसवणूक ३१८ व्या कलमात आहे. पण तेवढ्यासाठी उद्या कुणी शेजाऱ्याला 'तीनशेअठरा' म्हणणार नाही.

लिंगाची खूण सांगतो, कारण ती तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे नेते. 'आधार' हा मराठीत जुना पुल्लिंगी शब्द: तुझा आधार वाटतो, काठीचा आधार घेतला. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यानंतर लोक काय म्हणू लागले ऐका: "माझं आधार हरवलं", "आधार आणलंय का?" नपुंसकलिंग! कार्ड नपुंसकलिंगी, म्हणून 'आधार कार्ड'मधलं कार्ड गळलं तरी लिंग मागे राहिलं. आता 'माझा आधार हरवला' म्हटलं तर घरातलं माणूस गेलं आणि 'माझं आधार हरवलं' म्हटलं तर सेतू केंद्रात जायचं. एका शब्दाचे दोन झाले, आणि ते वेगळे ठेवण्याची सोय व्याकरणाने परस्पर करून टाकली.

अर्थ बदलतात ते असे. कुणी ठरवून बदलत नाही. ऐकणारा माणूस शब्दकोश उघडत नाही. शब्द कुठल्या प्रसंगी कानावर पडला त्यावरून तो अर्थाचा अंदाज बांधतो, आणि पुढच्या वेळी त्या अंदाजाने स्वतः वापरतो. पुष्कळ लोकांचा अंदाज एकाच दिशेने चुकला की ती चूक राहत नाही. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकवण, आपल्याकडे ती दंड झाली. शिकवणं आणि छडी या दोन गोष्टी फार काळ एकाच खोलीत राहिल्याचा हा परिणाम असावा, असा माझा आपला तर्क. केंद्राचं खातं २०२० मध्ये पुन्हा 'शिक्षा मंत्रालय' झालं तेव्हा मराठी माणसं हसली ती उगाच नाही. चेष्टा म्हणजे मुळात हालचाल, प्रयत्न. आपल्याकडे ती थट्टा झाली. 'टाळेबंदी' तर आपल्या डोळ्यांदेखत बदलली. गिरणगावातल्या माणसाला टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला लावलेलं कुलूप, संपाच्या उलट बाजूचं हत्यार. मार्च २०२० मध्ये वृत्तपत्रांनी लॉकडाऊनसाठी तोच शब्द उचलला. बोलताना सगळे लॉकडाऊनच म्हणाले, छापताना टाळेबंदी. आता तरुण उपसंपादकाला कारखान्याच्या टाळेबंदीची बातमी आली की आधी महामारीच आठवते.

काही अर्थ झिजतात, त्यामागे आपली सभ्यता असते. शौच म्हणजे शुचिता, स्वच्छता. सभ्य माणसाने नको त्या जागेसाठी तो शब्द वापरला, आणि काही काळाने तोच नकोसा झाला. मग प्रसाधनगृह, स्वच्छतागृह, बाथरूम, टॉयलेट, वॉशरूम. प्रसाधन म्हणजे खरं तर साजशृंगार! प्रत्येक नवा शब्द काही वर्षं स्वच्छ राहतो आणि मग त्याला तोच वास लागतो. घरकामाला येणाऱ्या बाईंचंही तेच झालं: मोलकरीण, मग कामवाली, मग नुसती बाई, आता मावशी किंवा ताई. 'बाई' हा तर एके काळी राणीच्या आणि शाळेतल्या शिक्षिकेच्या नावामागे लागणारा मानाचा शब्द. शब्द बदलला की वागणूक बदलेल ही आशा दर वेळी असते. वागणूक तीच राहिली तर नवाही शब्द मळतो. 'दादा' आणि 'भाई' या नात्यांचं गल्लीत काय झालं ते वेगळं सांगायला नको.

उलट दिशेने जाणारेही आहेत, पण त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. भारी, कडक, चाबूक, जाम, भयंकर हे सगळे कधीतरी वजनाचे, धाकाचे शब्द होते, आज कौतुकाचे आहेत. कौतुकाचा शब्द लवकर बोथट होतो म्हणून दर पिढीला नवा धारदार लागतो. याने भाषा बिघडते असं मला वाटत नाही. 'भयंकर सुंदर'ला नाक मुरडणारे आजोबा स्वतः 'अतोनात प्रेम' म्हणतात.

मग कुठलाच बदल अडवायचा नाही का? डेस्कवर असताना एका ठिकाणी मी हटून बसायचो. 'आरोपी' आणि 'गुन्हेगार' हे शब्द बोलण्यात जवळजवळ एक झालेत. ज्याच्यावर आरोप आहे तो आरोपी. गुन्हा सिद्ध व्हायचा आहे. वाचकाच्या मनात हा फरक पुसला गेला तर निर्दोष सुटलेला माणूस गावात तोंड दाखवू शकत नाही. तसंच 'जामीन मिळाला' म्हणजे 'सुटला' नव्हे. इथे लोक काय म्हणतात यावर मी जात नाही, कारण अर्थ सरकला की कुणाचं तरी नुकसान होतं. करोनाच्या पहिल्या महिन्यांत 'विलगीकरण' आणि 'अलगीकरण' यांचा जो गोंधळ झाला तोही याच जातीचा: एक आजारी माणसासाठी, दुसरा संशयितासाठी, आणि दोन्ही शब्द कानाला इतके सारखे की बातमीदारही चुकायचे. लोकांनी वैतागून दोन्हींना क्वारंटाईन म्हटलं. जोडीने वापरायचे शब्द एकमेकांसारखे घडवू नयेत, एवढं तरी त्यातून घ्या.

आता भ्रमणध्वनी. वस्तू तिचं नाव घेऊनच दुकानात आली. खोक्यावर, जाहिरातीत, दुकानदाराच्या तोंडी 'मोबाईल' होतं. प्रतिशब्द छापून येईपर्यंत घराघरात तो पोचला होता. शिवाय त्या यंत्राचा ध्वनीशी संबंध दिवसेंदिवस कमी होत गेला. आज लोक त्यावर पिक्चर बघतात, पैसे पाठवतात, पिकाची नोंद करतात. वस्तूचं काम बदलत असेल तर कामाचं वर्णन करणारं नाव लवकर जुनं होतं. 'दूरदर्शन' हे टेलिव्हिजनसाठी होतं, ते एका वाहिनीचं नाव होऊन बसलं आणि यंत्र 'टीव्ही'च राहिलं. 'संगणक' मधे कुठेतरी आहे. शाळेच्या पुस्तकाने आणि सरकारी 'संगणकीकृत'ने त्याला धरून ठेवलंय. इंटरनेटवरच्या मराठी मंडळींनी गमतीने व्हॉट्सॲपचं 'कायप्पा' केलं होतं, ते मला आजही अप्रतिम वाटतं. पण ते गंमत म्हणूनच राहिलं. त्याच मंडळींचे 'व्यनि' (व्यक्तिगत निरोप) आणि 'पुलेशु' (पुढील लेखनास शुभेच्छा) मात्र त्यांच्या वर्तुळात खरोखर चालतात, कारण तिथे ते रोज टंकावे लागतात.

तर तुमच्या ॲपचं काय करायचं? माझं मत असं आहे, आणि यातलं काही तुमच्या भागावर अवलंबून आहे.

ओटीपीला हात लावू नका. बँकेने, गॅस एजन्सीने, रेशनवाल्याने तो शब्द आधीच शिकवलाय, आणि 'ओटीपी कुणाला सांगू नका' ही सूचना सगळीकडे त्याच नावाने दिली जाते. तुम्ही त्याला दुसरं नाव दिलंत तर भाषेची सेवा होणार नाही, फसवणूक करणाऱ्यांची सोय होईल. मराठीपण शब्दात नको, वाक्यात ठेवा: "मोबाईलवर आलेला ओटीपी इथे टाका." एवढं वाक्य सरळ असलं की मधला एक इंग्रजी शब्द कुणाला खुपत नाही.

'सत्रप्रवेश' आणि 'ऊर्ध्वभारण' आजच काढा. अपलोड हा शब्द बदलायचा की ठेवायचा यावर वेळ घालवू नका, तो उडवूनच टाका. शेतकऱ्याला अपलोड करायचं नसतं, सातबाऱ्याचा फोटो जोडायचा असतो. बटणावर तेच लिहा: "सातबाऱ्याचा फोटो जोडा." 'डाउनलोड'च्या जागी "पावती मोबाईलवर घ्या." 'सबमिट'ला "पाठवा" पुरतं, "सादर करा" म्हटलं की माणूस साहेबाच्या केबिनबाहेर उभा राहतो. पिकाची नोंद करायचं सरकारी ई-पीक पाहणी ॲप तुमच्या सभासदांनी वापरलेलं असेल. तिथे जे शब्द त्यांना सवयीचे झालेत ते पटतील तर जसेच्या तसे घ्या. दोन ॲपनी एकाच कामाला दोन नावं ठेवण्यात कुणाचंच भलं नाही.

'माझे खाते' जपून वापरा. शेतकऱ्याचं बँकेत खातं असतं, जमिनीच्या आठ-अ उताऱ्यावर खाते क्रमांक असतो, शेतकी खातं असतं, आणि तुमच्या ॲपमध्ये शेजारीच विक्रीची 'खते' असणार. 'माझी माहिती' बरं.

माल आणण्याच्या ठरलेल्या वेळेसाठी तुम्ही 'पाळी' सुचवलंय, कारण पाण्याची पाळी सगळ्यांना माहीत. खरं आहे, पण तुमच्या सभासदांत बाया आहेत, आणि मोबाईलवर "तुमची पाळी उद्या आहे" असा निरोप आला तर काय होईल याचा विचार करा. 'नंबर' ठेवा. कारखान्यावर, रेशनवर, दवाखान्यात नंबरच लागतो.

पिकांची नावं मात्र तुमच्या तालुक्यात विचारून घ्या. ज्वारी कुठे जोंधळा असते, हरभरा कुठे चणा. विदर्भातल्या आणि कोल्हापूरकडच्या सभासदाला एकच यादी दिलीत तर कुणीतरी अडखळणारच. शक्य असेल तर दोन्ही नावं शोधात टाका.

एखादा शब्द स्वतः रुजवायचाच असेल, आणि ती हौस मला पूर्ण समजते, तर एकच निवडा. जिथे आधी कुणी काही नाव दिलेलं नाही अशी जागा शोधा. तुमच्या संकलन केंद्रावर मालाची प्रत ठरवल्यावर जी चिठ्ठी निघते तिला काय म्हणता? बहुधा प्रत्येक केंद्रावर वेगळं काहीतरी म्हणत असतील. तिथे दोन-तीन अक्षरांचा, तोंडात बसणारा शब्द ठेवा. तो चिठ्ठीवर छापा, ॲपमध्ये टाका, आणि मुख्य म्हणजे काट्यावरच्या माणसाला तोच म्हणायला सांगा. तो म्हणाला तर सभासद म्हणतील. तो "अहो ती स्लिप घ्या" म्हणाला तर तुमचा शब्द कागदावरच राहील. म्हणून शब्द पक्का करण्याआधी एक सकाळ त्या काट्याशेजारी बसा आणि माणसं त्या चिठ्ठीला आपसात काय म्हणतात ते लिहून घ्या. बऱ्याचदा हवा तो शब्द त्यातच सापडतो. सापडला तर मला जरूर कळवा, मला तो जमवायला आवडेल.